मातीच्या इडल्या

हसू नका, पण मला खरंच वाटलं होतं की इंग्लंडात काचघरात जपावं लागणारं कृष्णकमळ आमच्या बंगळुरातल्या बसवनगुडीत बी टाकताच उगवेल. कसलं काय! दोनदा पेरलं, दोन्हीदा रोपं बुडाशी कुजून आडवी झाली. आता मूठभरच बी उरलं होतं. दोष मातीतल्या बुरशीचा. बागकामाच्या कॉलेजात आम्ही पेरणीआधी माती वाफवून घ्यायचो. घरात वाफेचं भांडं एकच, आईचं इडलीपात्र. ती देवळात गेल्यावर मी ओली माती साच्यांत भरून चुलीवर चढवली आणि कुंड्या धुवायला परसात गेले.

परत येते तर अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटावर बसलेले. ताटात दोन काळ्याभोर इडल्या, वर चटणी.

"नाचणीच्या केल्यास होय?" घास तोंडात घोळवत ते म्हणाले. "छान आहेत. मीठ स्वल्प कमी."

"अण्णा, ती माती आहे!"

तेवढ्यात आई दारात. "इडलीपात्रात माती? आता ते पात्र माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात तीन दगडांची चूल मांडली. पात्र आता माझंच होतं.