गॅलरीतली फडकी

चहा ठेवा बाजूले, पहिले हे ऐका. आमच्या कॉलनीत मोठे साहेब येणार होते. शेजारचे सेक्रेटरी भाऊ सकाळीच माझ्या दारात उभे. म्हणे, "बाई, गॅलरीतली ती स्वयंपाकघरातली फडकी काढा. भांड्याची घासणीही लटकवली तुमी! बरं नाई दिसत."

मी म्हटलं, "नाई काढत. सोड्याच्या पाण्यात उकळली आहेत. आता ऊन पाहिजे त्याईले."

"मागं वाळवा ना!"

"मागं सावली आहे. ओल्या फडक्यात जंतू पोसू काऊन? अख्खं चंद्रपूर ज्या उन्हाले शिव्या देते, ते माझ्या घरी फुकटात काम करून राह्यलं. त्याले कायले हाकलू?"

भाऊ चिडले. "आमची फडकी दिसतात का कोणाले? सिंकखालीच राह्यतात."

"ओलीच?"

"मंग?"

"साहेबाचा चहा कोणाकडे आहे?"

"आमच्याकडे."

"कपबशा त्याच फडक्यानं पुसाल ना?"

भाऊ घाईघाईनं घराकडे पळाले. साहेब आले तेव्हा माझी फडकी जागेवरच होती. अन् भाऊच्या गॅलरीत लटकलेल्या फडक्यांतून अजून पाणी गळत होतं.