रामेनची पंगत

तुम्ही हसान, पण यवतमाळच्या फूड कोर्टात रामेनसाठी मी पाऊण तास रांगेत उभा होतो, तेही घाटंजीच्या मामाले घेऊन.

काउंटरले आठ स्टुलं, एका ओळीत. माझा वाफाळता बाऊल पहिला आला. मले कुठचं राहवते? घास उचलला, तर मामानं हात धरला.

"सगळ्यायले वाढू दे ना बे."

"मामा, हे हॉटेल हाये."

"मंग? ओळ तर पंगतीचीच हाये."

मामानं असं पाह्यलं का बाकीच्या सहा अनोळखी लोकायनंही हात आवरले. आठवा बाऊल आला तवा मामा म्हणे, "हं, करा सुरू."

काय चव होती राजेहो! मी रस्सा बाऊल तोंडाले लावून पेलो. उठाले गेलो, तर मामानं परत बसवलं. टोकाची पोरगी अजून काड्यायनं एकेक शेवई उचलून राह्यलती.

"पंगत संगच उठते."

मागं रांग ओरडून राह्यली. पोरगी बिचारी घाईघाईनं सारं संपवून म्हणे, "काका, झालं माझं, उठा."

मामा हलला नाही. त्यानं काउंटरवाल्याले आवाज देल्ला, "लाजून राह्यली ते. अजून वाढ तिले."