चपलेचा रिपोर्ट

...आणि वर मलाच विचारतात, ‘काडी घातली तेव्हा फार दुखलं का हो?’ अहो, दुखेल कसं? नाकात काडी गेलीच नाही! तुम्हाला सांगतो, मी तसा बोलणारा माणूस नाही, आठवीत शाळा सोडली ती सुद्धा सर उभं करून प्रश्न विचारतील या भीतीनं, पण ही गोष्ट मनात ठेवली तर मी फुटेन...

झालं असं, की सावद्याला बाजार समितीच्या आवारात कोरोनाच्या टेस्टचा कॅम्प लागला. केळीच्या कामावरच्या सगळ्यांनी टेस्ट करायचीच, असा हुकूम. मी रुपचंदशेठच्या पॅकिंग हाउसला केळीच्या फण्या धुवून खोक्यात भरतो, म्हणजे मीही आलोच. आणि माझं तर लग्न! रविवारी, बोदवडच्या विहारात, स्नेहलशी, पंचवीस माणसांची परवानगी काढून! कॅम्प होता त्याआधीच्या सोमवारी.

आवारात चुन्यानं गोल आखलेले, एका गोलात एक माणूस. पण ऊन असलं कडक, की कोण उभा राहतो? सगळ्यांनी आपापल्या गोलात चपला काढून ठेवल्या आणि कडुनिंबाखाली जाऊन बसले. रेशनला नाही का ठेवत, पिशवी, दगड, काहीतरी? तसंच. सतराव्या गोलात माझी निळी चप्पल, डाव्या पट्ट्याला सुतळी बांधलेली. अठराव्यात भिकननाना. नाना म्हणजे स्नेहलचे मामा, केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम, मूळचे शिंदखेड्याचे, आमची सोयरीक त्यांनीच जुळवलेली.

तेवढ्यात शेठचा फोन. ‘अरे जीवन, गाडी लागली रे! दस मिनट में आ जा बेटा!’ शेठला नाही म्हणायचं माझ्या जिभेला जमतच नाही. नानांना म्हटलं, ‘चपलेकडे बघा,’ आणि पळालो, अनवाणी! त्या दहा मिनिटांचे झाले दोन तास. परत येतो तर मांडव गेला, डॉक्टर गेले, आणि मोकळ्या मैदानात सतराव्या गोलात माझी चप्पल एकटी बसलेली. घातली पायात, आलो घरी. नाकात काडी गेलीच नाही!

गुरुवारी फोन. ‘जीवन भटू का? तुम्ही पॉझिटिव्ह आहात. गाडी येतेय, कपडे भरा.’ मी म्हटलं, ‘साहेब, मी टेस्टच...’ ‘सगळे असंच म्हणतात.’ फोन बंद! गाडी आली, गल्लीला बांबू लागले, आई, रुक्माबाई, दारात रडायला लागली, ‘माझ्या पोराच्या हळदीला दोन दिवस राहिले हो!’ आणि शेजारचा प्रेमराज पत्र्यावर चढून माझं शूटिंग काढतोय! मी जातोय दवाखान्याच्या गाडीत, आणि हा म्हणतो, ‘जीवनभाऊ, जरा हात हलवा!’ ...हलवला. काय करणार?

सेंटरला डॉक्टरीणबाई होत्या. मी सगळा धीर गोळा करून सांगितलं, ‘मॅडम, मी नव्हतो, चप्पल होती.’ त्यांनी माझा ऑक्सिजन बघितला. म्हणाल्या, ‘अठ्ठ्याण्णव. पण तापात माणूस बरळतो कधी कधी.’ ‘मला ताप नाही.’ ‘येईल.’

बरं, चपलेची गोष्ट सेंटरमधून फुटली, प्रेमराजचं शूटिंग होतंच, मोबाइलवर तोवर गावभर मीच! अर्धे म्हणतात, बघा, सगळं खोटं आहे, चपलेला पेशंट दाखवून पैसे उचलतात. उरलेले म्हणतात, छे, असले शंभर जीवन लपवलेत, आकडा दाबलाय. दोन्हीकडचे मला फोन करून म्हणतात, ‘फक्त हो म्हण!’ अरे, कशाला हो म्हणू? माझ्या पलीकडच्या खाटेवर एक म्हातारे आबा, रात्रंदिवस माशासारखे तोंड उघडून श्वास ओढतायत, ते खोटं म्हणू? मला एवढंच माहीत होतं, नाकात काडी गेलीच नाही!

आणि मग, दुसऱ्या दिवशी जेवताना, घास हातातच राहिला. माझ्या नाकात गेली नाही, तर माझ्या नावाच्या नळीत कोणाची गेली?

नानांना फोन लावला. म्हणाले, ‘आरे, तो कंप्युटरवाला पोऱ्या वना, तुनी चप्पल देखीसन इचारं, हाई कोननी? मी सांगं, आमना जावईनी, जीवन भटू. त्यानी नळीवर नाव लिखी टाकं. मंग सोळा झाया, ‘पुढचा’ म्हने, मी गऊ.’ म्हणजे माझ्या नळीत नाना, नानांच्या नळीत मागचा, त्याच्या नळीत त्याच्या मागचा... अख्खी रांग एका चपलेनं पुढे सरकलेली! आणि बोलता बोलता नाना खोकले.

‘नाना, तो रिपोर्ट तुमचा आहे! दवाखान्यात जा!’ ‘माले काहीच व्हयेल नही! कागदवर लिखेल शे, निगेटिव्ह!’ आणि तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडलो. होणाऱ्या मामेसासऱ्यावर! ‘कागद गेला खड्ड्यात, नाना, तुम्हाला धाप लागलीय!’ त्यांनी फोन ठेवला. स्नेहलचा आला, ‘मामांना असं बोलतात?’ मी म्हटलं, ‘लग्न मोडलं तरी चालेल, पण त्यांना गाडीत घाल.’ ती म्हणाली, ‘घालते.’

संध्याकाळी नाना आले. ओठ निळे. डॉक्टरीणबाई कागद बघतात, नानांकडे बघतात, परत कागद बघतात. पुन्हा काडी घातली. पॉझिटिव्ह! झाले की नाही, विषाणू एक आणि पेशंट दोन? मी म्हटलं, ‘मॅडम, आता तरी मला वजा करा.’ म्हणाल्या, ‘आकडा वर गेलाय, आता खाली कोण आणणार?’ पण त्यांनी त्या रांगेतल्या सगळ्यांना पुन्हा बोलावलं हं, खरं ते सांगतो. मला सोडून. मी पॉझिटिव्ह होतोच ना!

नाना सहा दिवस ऑक्सिजनवर. मी शेजारी बसून त्यांना पाणी पाजायचो. दहाव्या दिवशी मला सोडलं, ‘बरा झाला’ असं लिहून. टेस्ट? आता टेस्ट करत नाहीत म्हणे, तसेच सोडतात. आलो तेव्हा नाही, गेलो तेव्हाही नाही. नाकात काडी गेलीच नाही!

पुढे ढकललेलं लग्न महिन्यानं लागायला आलं. परवानगी पंचवीसचीच. नवे बूट चावत होते म्हणून ते हातात घेऊन वाटेत मी निळी चप्पल घातली आणि विहाराच्या दारात बूट आणि चप्पल, दोन्ही ठेवले. तेवढ्यात हवालदार आले. आत कशाला येतील? दारातल्या जोड्यांवर काठी फिरवत मोजायला लागले. ‘सव्वीस! एक माणूस जास्त आहे. बाहेर काढा, नाहीतर लग्न बंद!’

सांगायला तोंड उघडलं... आवाजच नाही! कोणाला उठवू? नाना नुकते आजारातून उठलेले, आई, शेठ... म्हटलं, पुन्हा चप्पल! मुकाट्यानं उठलो, मास्क वर ओढला, बाहेर आलो, निळी चप्पल पायात घातली. हवालदारांनी परत मोजले. पंचवीस. वहीत लिहिलं, ‘बरोबर.’ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘समजूतदार आहेस. कोणाचं लग्न आहे रे?’

म्हटलं, ‘ओळखीतलंच आहे, साहेब.’