हातावरची भाकर आणि प्लास्टिकचे हात

माजं म्हायेर वळ गावचं. बाप भातशेतीवाला, घरात जेवाला मानसं ढीगभर, नि आयशीनं मना लहानपनीच हातावरची भाकर शिकवली. म्हंजे पोळपाट न्हाय, परात न्हाय, तांदळाच्या पिठाची उकड गरम गरम मळायची नि दोन तळव्यांत फिरवत फिरवत थापायची, ताटाएवढी. आय बोलायची, तळवा भाजला तरी चालंल पन पीठ थंड व्हऊ देऊ नको. शिकले. दुसरं मना काय येत न्हाय, आजपन न्हाय.

लगीन करून टेमघरला आले. माजे मालक निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर, एक हप्ता दिवसाची शिफ्ट, एक हप्ता रातची. मंग त्यांच्या शेटचे लूम बंद पडले, त्यानं मशिनी भंगारात घातल्या, नि मालक घरी खाटेवर, छातीत कापसाची धूळ, खोकून खोकून जीव जातो त्यांचा. पोरगी एक, सुनंदा. मंग मीच गल्लीत टोपली घेऊन बसले, भाकर नि सुकटीची चटनी. बाकीच्या लूमवरची यूपी-बिहारची पोरं मना चाची बोलायची, चाची एक और दे, चाची मिर्ची कम. बरं चाललं व्हतं.

तर माज्या बोटांवर पांढरं आलं. आधी नखांपाशी, मंग सगळ्या हातावर. कोड. डॉक्टर बोलला, बाई, हे लागत न्हाय कोनाला, बिनधास्त काम कर. त्यानं मना सांगितलं, गल्लीला कोन सांगनार? एक दिवस रोजचं गिऱ्हाईक भाकर घेता घेता हात बघून थांबलं, बोललं, चाची, आज भूख नहीं है, नि समोरच्या गाडीवर वडापाव खाल्ला, माज्या डोळ्यांदेखत. मंग एकेक करून सगळीच गेली. काय सांगू तुमाला ताई, भरलेली टोपली घरी नेली, नि त्याच भाकऱ्या आमी रडत रडत खाल्ल्या.

तवाच वळ गावात गोदामं झाली, आमच्या बापाच्या भाताच्या जागेवर पन एक हाय. तिथं कँटीन निघाली, हातावरच्या भाकरीला बायका पायजेत. मी गेले, पदरात हात लपवून. तर ठेकेदार बोलला, हितं सगळ्यांनी ग्लोज घालायचे, ते पातळ प्लास्टिकचे हातमोजे. कच्च्या मासळीला हात लागला की फेकायचे, नवे घालायचे, पैशाला हात लागला की नवे. बाकीच्या बायका कुरकुरल्या, मना मातर देव भेटला. सगळ्यांचे हात सारके! कोन कोडाची, कोन बिनकोडाची, कोनाला कळतंय?

पन भाकर ताई, भाकर प्लास्टिकला ऐकत न्हाय. उकड गरम, ग्लोजच्या आत घाम, पीठ सरकतं, भाकर फिरतच न्हाय, फाटते. तव्यावर टाकताना प्लास्टिकचं टोक चिकटलं, जळका वास सगळीकडं. ठेकेदार डोकं धरून बसला. मंग बोलला, भाकरीवाल्यांनी ग्लोज काढा, नखं कापा, कोपरापर्यंत साबनानं धुवा नि थापा, तव्यावर शेकूनच निघते ती. ग्लोज फकस्त वाढनारीला नि कांदा कापनारीला. सगळ्यांनी काढले. मी उभीच. तो बोलला, मावशी, काढा ना.

काढले.

ठेकेदार वाईट मानूस न्हाय, हळूच बोलला, मावशी, तुमी कांद्याला बसा, मना म्हायती हाय लागत न्हाय, पन जेवनारे बघतात. मी बोलले, अवो भाऊ, धुतलेत, बघा तरी, माजी भाकर या सगळ्यांपेक्षा पातळ येते. हात जोडले, तेच हात. तो दुसरीकडं बघाला लागला.

आता कांद्याला असते, ग्लोज घालून. बाजूला बायका थापतात, त्या आवाजानं माजे तळवे आपसूक हलतात. मालक तसेच हायत, खोकतात. सुनंदाचं लगीन झालं, तिला पोरगा झाला, आता घास खातो. परवा तिच्या सासरी गेले बघाला, दुधात भाकर कुस्करून त्याला भरवाला बसले, तर विहीनबाई आतून ग्लोजची जोडी घेऊन आली. बोलली, कँटीनला घालताच की, हितं पन घाला, साफ ऱ्हातं. सुनंदा खाली बघत बसली. घातले मी, काय करनार, भांडून पोरीचा संसार मोडू? प्लास्टिक ओठाला लागलं तसं नातवानं तोंड फिरवलं. मी बोलले, खा रं बाळा, आत आजीचाच हात हाय. त्याला काय कळनार? सुखी राहो पोर, त्याच्या हातांना कदी काय व्हऊ नये, एवढंच मागते देवाकडं. माजं काय, कांदे हायतच.