हात थांबवायचा नाही

धाकटी : थांबलास? दादा, थांबायचं नाही म्हटलं ना! हात थांबला की फजचा दगड होतो.

दादा : अगं, बाही वर करतोय.

धाकटी : राहू दे खाली. शर्ट धुता येतो, चॉकलेट बिघडलं की बिघडलं.

दादा : मी बाबांचा स्वेटर ठेवून निघणार होतो. तू दारातच माझ्या हातात डाव कोंबलास.

धाकटी : बाबा घरी नसतानाची वेळ साधून आलास, म्हणून कोंबला.

दादा : योगायोग.

धाकटी : हो का? कोपऱ्यावर गाडीत मान खाली घालून बसला होतास. बाबा वळले आणि तू उतरलास. मी खिडकीतून बघत होते. चोरून येणं तुला जमत नाही, दादा. कडेचंही घे, कडेला लागतंय.

दादा : कुठे गेलेत ते?

धाकटी : त्यांना आणायला.

दादा : त्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना?

धाकटी : त्याच. फज खायला येतायत.

दादा : किती वेळ घोटायचंय हे?

धाकटी : चकाकी जाईपर्यंत.

दादा : आणि बाबा किती वेळात येतील?

धाकटी : चकाकी जाईपर्यंत.

दादा : निघालो मी.

धाकटी : जा ना. आईच्या पातेल्यात, ऐन सुट्टीच्या दिवशी, दगड करून जा. मी काही बोलणार नाही. फक्त प्रत्येकाला सांगेन.

दादा : घोटतोय ना! ओरडतेस कशाला? आणि चार बशा कशाला काढल्यास? मी थांबत नाहीये. एक उचल.

धाकटी : नाही उचलणार.

दादा : मग ती टवका उडालेली तुझ्या पाहुण्यांना दे.

धाकटी : शोभतं का रे तुला? त्या बाईंनी तुझं काय घोडं मारलंय?

दादा : काही नाही. बाबांना आठवड्यातून दोनदा चष्मा दुरुस्तीला न्यावा लागायला लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

धाकटी : दांडी ते स्वतःच पिरगाळायचे. मी बघितलंय. न्हाणीघरात, दार लावून.

दादा : काय सांगतेस!

धाकटी : शप्पथ. एकदा जास्तच पिरगाळली, काचच निखळली. दोन दिवस पेपर उलटा धरून बसले होते... हसलास! दादा, तू हसलास!

दादा : खोकला आला.

धाकटी : बरं, खोकत खोकत ऐक. आज ते तुला विचारणार आहेत. त्यांच्या लग्नाचं.

दादा : मला कशाला विचारायचं? मी कोण?

धाकटी : तेच म्हटलं मी. तर म्हणाले, "थोरला नाही म्हणाला तर हा विषय इथेच संपला." बाईंनाही तसं सांगून टाकलंय. आणि कालपासून घरातल्या सगळ्या घड्याळांना चावी देतायत. जे बॅटरीवर चालतं त्यालासुद्धा.

दादा : आईला जाऊन चारच वर्षं झालीत गं.

धाकटी : मला माहितेय. मीही तिचीच आहे.

(दादाचा डाव थांबतो.)

धाकटी : हात, दादा. हात थांबला.

दादा : नाटक पुरे. याचा दगडबिगड काही होत नाही.

धाकटी : म्हणजे?

दादा : म्हणजे आईच्या हाताखाली दर सुट्टीला मीच घोटायचो. पातेलं उतरवलं की कोमट होईपर्यंत त्याला हातसुद्धा लावायचा नसतो. गरम असताना घोटलं की साखर धरते आणि सगळं रवाळ होतं. तू मला गरमगरम पातेल्याला जुंपलंस. बघ, वाळूसारखं झालंय.

धाकटी : आणि तू मुकाट्याने घोटत राहिलास? एवढा वेळ? माहीत असून?

दादा : आईनेही एकदा असंच केलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो. गरम पातेल्यात डाव दिला आणि म्हणाली, "हात थांबवायचा नाही हं, राजा." म्हणजे मला पळता येऊ नये. मग हळूच सांगितलं.

धाकटी : काय सांगितलं?

दादा : की घरात बाळ येणार आहे.

धाकटी : अय्या! मी?

दादा : तू. मला नको होतं कुणी नवीन. आम्ही तिघं मस्त होतो. रडत रडत घोटलं मी. त्या दिवशीचा फज असाच झाला होता. पाहुण्यांनी चमच्याने खाल्ला.

धाकटी : आणि मग?

दादा : मग काय, आलीस. महिनाभर मी बोललो नाही तुझ्याशी.

धाकटी : तान्ही होते रे मी!

दादा : म्हणून तर जमलं.

(दारावरची बेल वाजते.)

धाकटी : दादा... मागच्या दाराने जायचं असेल तर जा. खरंच. मी सांगेन काहीतरी.

दादा : हे पातेलं धर. दार मी उघडतो. आणि बशा नीट मांड.

धाकटी : चार?

दादा : चार. टवका उडालेली मला ठेव.