सीटच्या दांड्यावरची लाल रेघ

पंक्चर निघेपर्यंत पोस्टमनने पेपर तोंडासमोर धरला होता खरा, पण कान होते ते सायकलवाल्याशी बोलणाऱ्या काकूंकडेच.

"ह्यांच्या सायकलची सीट अगदी खाली घ्या. दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत."

"मग गुडघे बोलायला लागतील, काकू. टाच पॅडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. थांबताना चवडा टेकला तरी पुरे."

"अहो, साठीत शिकतेय मी, पडले म्हणजे! रोज हॉस्पिटलात डबा न्यायचाय."

"नाही पडणार. काका कसे आहेत?"

"आहेत. घरी आले की सीट परत वर घ्यायचीय, म्हणून आत्ता आहे तिथे खूण करून ठेवा."

"तुमची खूण तर आधीच आहे. ही दांड्यावरची लाल रेघ."

"माझी? कुणी केली?"

"काकांनीच. अ‍ॅडमिट व्हायच्या आदल्या दिवशी दोरा घेऊन आले होते. म्हणाले, हे हिच्या पायाचं माप."

"अगं बाई! मला भिंतीशी उभं केलं आणि म्हणाले, तुला विजार शिवायला टाकतोय."

"लबाडच आहेत."

"आणि हे नेलपॉलिश माझं! घरभर शोधत होते मी."

"घेतली सीट रेघेपर्यंत. बसा बघू. टाच ठेवा. बघा, तंतोतंत!"

"हो की. आणि त्यांची खूण?"

"ती... नको म्हणाले."

पोस्टमनचा पेपर खाली आला.

"नको म्हणजे काय? करा तुम्ही. रंगाने नको, कानशीने करा. चांगली खोल."