कुंपणावरची रोझमेरी

— नाही, वाऱ्याचं नाव काढू नकोस, आज वारा नाहीच. सकाळपासून समुद्राकडचं आभाळ नुसतं तापलंय, पान हलत नाही, फ्रान्सच्या या कोपऱ्यात, ब्रिटनीत, असं ऊन मी म्हातारा झालो तरी पाहिलं नव्हतं. बस त्या सावलीत, पोरी. सायडर घे, घरच्या सफरचंदांची. कोंबडीखाद्याच्या कंपनीनं पाठवलंय तुला, तर पिशवी उघडशीलच, घाई कसली — पक्षी बघितलेस ना माझे? चोची वासून पडलेत. उन्हानं ब्रॉयलरच्या अंगात आतून गंज चढतो म्हणे, लोखंडाला चढतो तसा, आणि तो रोखायला तुझी ती पावडर — अँटि— अँटिऑक्सिडंट, हां, तुझ्या तोंडी सोपं वाटतं.

मला एवढंच सांग, त्या कुंपणापलीकडच्या गुल्वेनच्या खाद्यापेक्षा हे जोरदार आहे का? त्याच्या शेडमध्ये मरतूक नाही. का नाही? मी सांगतो. रोझमेरीचा पाला घालतो तो खाद्यात, वाळवून, कुटून. आणि रोझमेरी कुणाची? माझ्या कुंपणाची. कुटतं कोण? — पी, पी, संकोचू नकोस — सोआझिक. माझी बायको. तुला वाटलं, आत झोपलीय? दुपारची भांडी आवरली की जाते त्याच्याकडे टोपली घेऊन. येते तेव्हा हातांना वास असतो, रात्री पाव मोडते त्यालाही तोच वास. बाजारात लोक म्हणतात, गुल्वेनच्या कोंबडीचं मांस ठेवलं तरी ताजं राहतं, आणि ही शेजारी उभी राहून हसते, जणू कोंबडी तिचीच. माझ्या कोंबडीचं नाव निघालं की पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते.

जळतो? मी? या वयात? — तसं तिनं आधी मलाच म्हटलं होतं, वसंतात — फान्श, आपल्या खाद्यात थोडी रोझमेरी घालून बघू या का? जेवायला पाहुणे होते. मी म्हटलं, अगं, अजून जिवंत आहेत कोंबड्या, आत्तापासूनच मसाला कशाला? सगळे हसले. तीही हसली. हसली असेल — मला तरी तसंच वाटलं.

म्हणून तुझी पावडर हवी. दुप्पट दे. — जास्त घालून चालत नाही? बरं. आणि ती घातल्यावर सोआझिक दुपारी घरी थांबेल का, हे तुझ्या कंपनीला ठाऊक नसणारच. राहू दे. पिशवी बंद कर, जा तू, गाडी तापली असेल. काल कुंपणापाशी गेलो होतो मी, भांडायलाच. म्हटलं, माझी रोझमेरी नेलीस, बायको नेलीस, कोंबड्यांपायी आणखी काय नेणार आहेस? गुल्वेननं हातातली बादली खाली ठेवली. आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाला, "ती कोंबड्यांसाठी येत नाही, फान्श. मी तिला तिचं मत विचारतो, म्हणून येते."